साण्याची चौकट

"आजोबा, खरं सांगा, कुणासाठी एवढं बारीक होताय?"

समृद्धीनं विचारून टाकलं आणि हळूच कंपाउंडच्या भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं शिवांजली आणि राजनंदिनी सायकली धरून, तोंडावर ओढण्या दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. "एवढं विचारता येत न्हाय, मग कॅप्टन कसली गं तू?" असं राजनंदिनी म्हणाली होती, आणि समृद्धी तर नुकतीच शाळेच्या खो-खो टीमची कॅप्टन झालेली. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

अंगणातल्या बाजेवर बसून बब्रुवान आजोबा बुटाची नाडी बांधत होते. पूर्वी त्यांना वाकताच येत नसे. सून चप्पल पायापुढं सरकवायची. आता हनुवटी गुडघ्याला टेकेल इतके ते सहज वाकत. त्यांनी एका बुटाची गाठ मारली, दुसरा बूट उचलला आणि तसाच हातात धरून राहिले.

भिंतीमागून फुसकन हसू आलं.

"कोन हाय तिकडं?"

"कुणी न्हाय. मांजर असंल."

"मांजराला सायकलची घंटी असती व्हय?" आजोबा म्हणाले. पण नेहमीसारखे खदखदले नाहीत. दुसरा बूट घातला, उठले. "उद्या ऐतवार हाय ना? चल माझ्यासंगं. दावतो, कुणासाठी ते."

भिंतीमागचं हसू बंद झालं. आजोबा फाटक उघडून फेरीला निघून गेले.

बब्रुवान पैलवान म्हटलं की लोहारा तालुक्यात अजूनही चार माणसं मान वळवतात. तालमीत कमावलेलं अंग पुढं सुटत गेलं, इतकं की एसटीत दोघांच्या सीटवर ते एकटेच बसत आणि कंडक्टरही काही बोलत नसे. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली. उमरग्याचे डॉक्टर म्हणाले, "पैलवान, वजन उतरवा." हे तर ते गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना सांगतात; म्हातारे मान डोलावतात आणि परत येताना स्टँडवर भजी खातात. आजोबांनी भजी खाल्ली नाहीत. दुसऱ्या दिवशी बांधापर्यंत चालले, मग बांधाच्या पुढं. साखर सुटली, भात सुटला, दुपारची झोप सुटली. समृद्धी तर खूशच होती. खो-खोच्या सरांनी शिकवलेले सगळे व्यायाम ती अंगणात आजोबांकडून करून घ्यायची. "आता तुमाला आमच्या टीममध्येच घेते बघा," म्हणायची. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, पाठ थोपटली आणि म्हणाले, आता बास.

आजोबांना मात्र बास होत नव्हतं. ताटातली भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. गळ्याचं कातडं लोंबू लागलं. सदरा खुंटीला अडकवावा तसा खांद्यांना अडकलेला दिसे. गेल्या आठवड्यात ते रस्त्यातच चक्कर येऊन बसले, तेव्हा दूधवाल्या रेवणप्पानं त्यांना गाडीवर घालून घरी आणलं.

त्याच रात्री जेवताना पप्पांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारी आण्णांना सोलापूरला तात्याकाकाच्या फ्लॅटवर सोडून येतो. चौथा मजला आहे. बसतील गप."

"चौथा मजला?" आई म्हणाली. "आवो, ते कधी छताखाली झोपलेत का?"

खरंच होतं ते. थंडी असो, पाऊस असो, आजोबांची बाज अंगणातच. फारच झोडपलं तर फाटकाजवळच्या पत्र्याखाली.

"मग काय करू? डोळ्यांदेखत उपाशी मरू देऊ?" पप्पा डावं मनगट चोळत म्हणाले. ती त्यांची सवयच होती. घड्याळसुद्धा ते कधी मनगटावर बांधत नसत, शर्टाच्या खिशात ठेवत. समृद्धीला लहानपणापासून वाटायचं, पट्ट्याची खाज येत असेल.

रविवारी तांबडं फुटता फुटता आजोबा आणि ती निघाले. नवं गाव भूकंपानंतर वसवलेलं. पट्टी ठेवून आखल्यासारख्या गल्ल्या, एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी घरं. जुनं गाव तिथून लांब, तेरणेच्या धरणाच्या अंगाला. समृद्धी तिकडं वर्षातून एकदाच जायची, मारुतीला नारळ फोडायला, तेही टमटममधून. वाटेत तिची टकळी चालूच होती. पळताना दिशा कशी बदलायची, खांबाला हात कसा लावायचा, जिल्ह्याला कुणाला हरवायचं. आजोबा "व्हय, व्हय" करत इतक्या झपाट्यानं चालत होते की मध्येमध्ये तिलाच पळावं लागत होतं.

डांबरी संपली. बाभळी आणि घाणेरीची जाळी सुरू झाली. तिथं आजोबांची चाल एकदम बदलली.

ते मोकळ्या रानात सरळ गेले, मग काही कारण नसताना उजवीकडं वळले. थोडं जाऊन डावीकडं. मग अंग तिरपं करून, कुणाला तरी वाट द्यावी तसे, हळूहळू सरकले.

"बोळ अरुंद हाय," ते मागं न बघता म्हणाले. "सांडपानी बगून ये."

समृद्धीनं खाली बघितलं. वाळकं गवत होतं, आणि गवतात सरड्यानं मान वर केली होती. तिला हसू फुटणार होतं. हे शिवांजलीला कसं करून दाखवायचं, त्याची तिनं मनात तयारीही केली. एका ठिकाणी आजोबांनी मान खाली घातली, पाय उचलून काहीतरी ओलांडलं आणि पलीकडं जाऊन थांबले. वर आभाळ होतं. खाली काहीच नव्हतं.

"वाक की. चौकटीला डोकं लागंल."

"आजोबा, कुठली चौकट?"

त्यांनी तिच्या डोक्यावरच्या रिकाम्या हवेकडं बोट दाखवलं. समृद्धीचं हसू आतल्या आत विझलं. ती वाकली. पायसुद्धा उचलून टाकला.

आत, म्हणजे आजोबा जिथं उभे होते तिथं, गुडघाभर उंचीच्या दोन भिंती उरल्या होत्या. मध्ये एक कडुलिंब आपोआप उगवून मोठा झालेला. त्याच्या बुंध्याला लाकडाची एक चौकोनी चौकट एका कडेनं टेकवून उभी ठेवली होती. लाकूड जुनं, काळं, पण तेल पाजल्यासारखं तुकतुकीत. आजोबांनी बूट काढले आणि भिंतीकडेला जोडीनं नीट ठेवले.

"हे काय आहे?"

"साणं. माळवदाच्या घराला, मातीच्या छतात असतंय. उजेड यायला, चुलीचा धूर जायला." त्यांनी लाकडावरून तळवा फिरवला. "आपल्या मधल्या घराचं. ढिगारा उपसताना घावलं. इतकी वर्सं शेतात, गुरांच्या कोट्यात हुतं. डॉक्टर वजन उतरवा म्हनला, त्या दिशी हितं आनून ठिवलं."

समृद्धीनं चौकटीला बोट लावून बघितलं.

"भिंती गेल्या हुत्या. पर मधलं घर तेवढं तग धरून हुतं. कालिंदा आत. साण्यातून आवाज यायचा तिचा, म्या वर चढलो. कमरंपतूर गेलो आन् अडकलो." त्यांनी पोटावर हात ठेवला, जिथं आता पोट नव्हतं. "पैलवान गडी. अडकनारच की. मग दुसरा हादरा आला."

कालिंदा हे नाव घरात वर्षातून एकदाच निघायचं, भूकंपाच्या दिवशी समईची वात लावताना. फोटोसुद्धा नव्हता. समृद्धी तिला आत्या म्हणायची. आणि आपली आत्या आपल्याहून लहान आहे, कायमचीच लहान आहे, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

आजोबांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. खांदे तिरपे केले. आधी बोटं गेली, मग डोकं, मग एक खांदा आणि अंग पिळून दुसरा. सदऱ्याची गुंडी लाकडाला घासून टचकन उडाली. बरगड्या अडकल्या. त्यांनी श्वास सोडला, सगळाच सोडला, आणि ते सरकले. पोट, कंबर, पाय. पलीकडं गवतात ते गुडघ्यांवर आले.

"मावलात! आजोबा, मावलात!" समृद्धी टाळ्या पिटत ओरडली. मॅचमध्ये गडी बाद झाल्यावर ओरडतात तशी. तिचाच आवाज धरणाच्या पाण्याकडून परत आला, आणि तो तिला अजिबात आवडला नाही.

आजोबांनी वळून बघितलं नाही. ते खाली वाकले होते, कान जमिनीला लागेल इतके.

"आलो बग," ते गवताला म्हणाले. "आलो, बाय."

लांब कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती. दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. आजोबा मात्र ऐकत होते. किती वेळ ते समृद्धीला सांगता आलं नसतं, पण त्यांची पाठ हलेना, तशी तिला भीती वाटायला लागली. त्यांना तिकडून परत आणलं पाहिजे एवढंच तिला कळलं.

"थांबा, मी पण येते," ती जोरात म्हणाली, आणि चौकटीत डोकं घातलं, एक हात घातला. तिला तर तिरपं व्हायचीही गरज नव्हती.

आजोबा गर्रकन वळले. त्यांनी तिचं मनगट धरलं.

मांस झडलं होतं, पकड झडली नव्हती. समृद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत जायचं न्हाय!"

"आजोबा, नुसतं लाकूड आहे... सोडा ना, दुखतंय."

"न्हाय म्हनलं ना. एक गेली तेवढी बास. तू न्हाय जायचं." त्यांचे डोळे तिच्याकडं होते, पण तिला बघत नव्हते. "तू न्हाय जायचं, सिदू."

घरी येईपर्यंत समृद्धी बाही मनगटावर ओढून आजोबांच्या मागं चालत राहिली. मोबाईलवर राजनंदिनीचे मेसेज येऊन पडले होते. काय म्हणाले? कुणासाठी? सांग की गं! समृद्धीनं उत्तर लिहिलं, खोडलं आणि फोन उपडा ठेवून दिला.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. पप्पा खाली बसून आजोबांचे कपडे बॅगेत भरत होते. ते सगळेच कपडे आता आजोबांना ढगळ झाले होते. समृद्धी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकली आणि तिची बाही वर सरकली.

पप्पांचा हात थांबला.

"हे काय झालं?"

"आजोबांनी धरलं."

मग तिनं सगळं सांगितलं. बोळ, न दिसणारं दार, साणं, आजोबा त्यातून कसे पार गेले ते. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि डोक्याला हात लावला.

"बघा. आता पोरीच्या अंगावर वळ उठले. मी छताचं म्हणत होते, पण न्याच बाई त्यांना उद्या."

पप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी समृद्धीचा हात दिव्याखाली धरला. मनगटावर चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, निळंजांभळं उमटलं होतं. पप्पांनी त्यावर आपली बोटं एकेक करून ठेवून बघितली. मग तीच बोटं तशीच उचलून स्वतःच्या डाव्या मनगटावर ठेवली.

"मला सिदू म्हणाले," समृद्धी हळू आवाजात म्हणाली.

पप्पांना, सिद्धारामला, घरात आता सिदू म्हणणारं कुणी नव्हतं. लक्ष्मीआजी होती तेव्हा ती म्हणायची. आजोबांच्या तोंडून तर समृद्धीनं ते कधीच ऐकलं नव्हतं.

"चौथीत होतो मी," पप्पा म्हणाले. "काडीसारखा. मी मावत होतो त्यातून."

आईनं वळून बघितलं.

"आण्णा अडकून कसेबसे वर निघाले, मी शेजारीच होतो. म्हणालो पण, आण्णा, मी जातो, मला सोडा. ती मलाच हाक मारत होती. दादा, दादा करत होती. त्यांनी हात सोडला न्हाय." ते मनगट चोळत राहिले. "सगळं खाली बसलं, धूळ बसली, तरी सोडला न्हाय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. ती कुणी उलटली नाही. बाहेर अंगणात बाज करकरली, आजोबा खाकरले. दाराच्या चौकटीतून त्यांचा पाठमोरा खांदा दिसत होता. पोरसवदा, हाडकुळा, एखाद्या चौथीतल्या मुलाचा असावा तसा.

समृद्धीनं बॅगेतले सदरे बाहेर काढले. एकेक करून घडी घातली आणि मांडीवर ठेवली. पप्पांनी अडवलं नाही.

"आजोबा सोलापूरला जाणार न्हाईत," ती म्हणाली. मैदानावरचा मोठा आवाज तिनं लावला नाही, तरी आईनं चुलीतला जाळ मागं ओढला आणि ऐकत राहिली. "उद्या शाळेला मी उशिरा जाणार. सकाळी आपण जुन्या गावात जायचं आणि ते साणं घरी आणायचं. तिथं त्यांना एकट्याला आता जाऊ द्यायचं न्हाय."

"ते? घरात?" आई पुटपुटली.

"घरात न्हाय. अंगणात, त्यांच्या बाजेपाशी." तिनं पप्पांकडं बघितलं. "लई जड आहे, मला पेलणार न्हाय. एका बाजूनं तुम्ही धरा, पप्पा. दुसऱ्या बाजूनं आजोबा धरतील. आणि मधून कुणीच जायचं न्हाय."