मुक्यांच्या घरची थाळी

मी एक जुनी काशाची थाळी आहे. माझ्या काठापासून मध्यापर्यंत एक तडा गेला आहे, त्यामुळे आता माझ्यात कोणी जेवत नाही आणि मला कोणी वाजवतही नाही. जळणाच्या कोपऱ्यात पालथी पडून असते. पण मित्रांनो, एकेकाळी माझा आवाज अर्धा कोस लांब जाई.

भट्टीत तापवून, हातोड्याखाली ठोकून ठोकून मला घडवलं. दारव्ह्याच्या बाजारातून मी रामीबाईच्या लग्नात तिच्याबरोबर आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यावर आले. रामीबाई जन्माची मुकी-बहिरी, आणि तिचा नवरा धनसिंगही तसाच. तांड्यातल्या बायका हसल्या होत्या, की वाजणारी थाळी दिली आणि तीही या दोघांना! मलाही तेव्हा माझ्या नशिबाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मग त्यांना मुलगी झाली, केसली. तिला ऐकू येत होतं. हे पहिल्यांदा कळलं ते माझ्यामुळेच. मी फळीवरून निसटून खाली पडले आणि झोळीतलं पोर दचकून रडलं. धनसिंगने मला उचलून पुन्हा मुद्दाम पाडलं. पोर पुन्हा रडलं. तो गडी अंगणभर नाचला, आणि मला पाडून पाडून त्याने त्या पोरीला दिवसभर रडवलं.

तेव्हापासून मी त्या घराची हाक झाले. मुलगी खेळायला गेली, शेतात गेली, तर धनसिंग किंवा रामीबाई लाकडाने मला वाजवत. एक ठोका म्हणजे जेवायला ये. दोन म्हणजे कोणीतरी आलं आहे, काय म्हणतो ते ऐकायला ये. आणि न थांबता वाजत राहिले तर घात झाला, असशील तशी पळत ये. वाजवणाऱ्यांना माझा आवाज कधीच ऐकू आला नाही, पण तो जिच्यासाठी होता तिच्यापर्यंत तो नेमका पोचायचा.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात रामीबाईच्या घागऱ्याला चुलीचा जाळ लागला. धनसिंगने एका हाताने पाणी ओतलं आणि दुसऱ्या हाताने मला बडवलं. बारा वर्षांची केसली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतातून अनवाणी धावत आली, तिच्यामागे चार माणसं आली, आणि रामीबाई वाचली. त्या दिवशी तांड्याने माझं कौतुक केलं. हंसाबाई नावाच्या म्हातारीने तर मला हळदकुंकू लावलं.

ही हंसाबाई तांड्यातल्या पोरींना ढावलो शिकवी. लग्न झालेली मुलगी सासरी निघताना एकेका नातलगाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, तो ढावलो. आमच्या तांड्यात मुलीला तो आलाच पाहिजे. इतर पोरींना एक ढावलो पाठ व्हायला महिना लागे. केसली ऐकता ऐकता म्हणू लागली, आणि म्हातारी शिकवायचं विसरून डोळे पुसत बसली.

घरी आली की केसली मला पालथी हातावर धरी आणि माझ्या बुडाशी तोंड आणून गाई. रामीबाई वरून तळवा टेकवून बसे. गाणं माझ्यातून तिच्या तळव्यात शिरे. सूर चढला की तिला गुदगुल्या होत आणि ती पोट धरून हसे. मित्रांनो, तेवढा वेळ माझ्यासारखी भाग्यवान थाळी जिल्ह्यात नव्हती.

आर्णीच्या बाजारात पंचायतीचा रेडिओ लागे. केसली आईबापाची खरेदी बोलून झाली की भोंग्याच्या खांबाखाली उभी राही. एकदा तिथे ती रेडिओबरोबर गुणगुणत असताना शाळेतल्या पुंडलिकराव गुरुजींनी ऐकलं. साठ साल होतं, नवं राज्य नुकतंच झालं होतं. नागपूरच्या रेडिओसाठी गाणाऱ्या मुली निवडायला माणसं यवतमाळला येणार होती. गुरुजी स्वतः तांड्यावर आले. दोन ठोके वाजले, केसली आली, आणि आपल्याच भवितव्याचं बोलणं तिनेच खुणांनी आईबापाला समजावून सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "पोरी, असा गळा म्या जल्मात आयकला नाही. बुधवारी धाच्या मोटारीनं जाऊ. एकच दिवस हाये, ध्यानात ठेव. माह्या घरचीबी संग येऊन राह्यली, तवा काळजी नोको करू."

धनसिंगने गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. रेडिओ म्हणजे काय हे त्याला धड कळलं नव्हतं. आपल्या पोरीचा आवाज लांब जाणार, एवढं कळलं होतं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग दूरवर, डोंगराकडे दाखवलं.

पण आमच्या अंगणापासून तीस पावलांवर धनसिंगचा थोरला भाऊ लालसिंग राहत होता. आई मरताना तिने धाकट्याचा हात त्याच्या हातात दिला होता, आणि तो हात त्याने केव्हाच झटकून टाकला होता. आईबापाचं सगळं केसलीच बोलत होती, ऐकत होती, म्हणून त्याचं हे झटकणं खपून जात होतं. मंगळवारी मी त्याच्या ओसरीवर होते, त्याच्या बायकोने, बसंतीबाईने, पापड वाळवायला मला मागून नेलं होतं.

"पोट्टी गेली तं हे दोघं आपल्या गळ्यात पडते," लालसिंग बायकोला म्हणाला. "उठलं का खुना करत येतीन. कोन पाह्यते रोज थे?"

"मंग नाही म्हना नं तिले," बसंतीबाई म्हणाली.

"नाही काहून म्हनू? वाईट मी होऊ? तिचा बापच तिले वापस बलावते, पाह्यजो तू."

मी सगळं ऐकलं. मला ऐकू येत होतं, पण कोणी बडवल्याशिवाय बोलता येत नव्हतं, आणि बडवल्यावर काय बोलायचं हेही माझ्या हाती नव्हतं.

बुधवारी सकाळी केसली निघाली. आईची आरशांची काचळी, म्हणजे चोळी, तिने घातली होती. रामीबाईने तिच्या गळ्याला बोटाने काजळाचा ठिपका लावला, गालाला नाही, गळ्याला. ती दिसेनाशी होऊन थोडा वेळ गेला आणि लालसिंग अंगणात आला. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मग माल लादलेले बैल हवेत हातांनी रेखून दाखवले, वाट रेखून दाखवली, आणि शेवटी माझ्याकडे बोट करून वाजवायची खूण केली. जुन्या काळी तांडा माल लादून लांबच्या मुलखाला निघायचा, तेव्हा मागे राहिलेले थाळी वाजवून निरोप देत. पोर लांब निघाली, तिला तसा निरोप दे, असं तो सांगत होता.

धनसिंगचा चेहरा उजळला. आपल्याला हे सुचलं कसं नाही, असं त्याने कपाळावर मारून घेतलं. आनंदाच्या भरात, न थांबता वाजवण्याचा घरचा अर्थ त्याच्या ध्यानीही आला नाही. मला उचलून तो वाजवू लागला, न थांबता, जीव ओतून, हसत आणि रडत. मी काय करणार होते? मी काशाची, मला वाजावंच लागलं.

पुढचं मला गुरुजींकडून कळलं. फाट्यावर मोटार येऊन उभी होती. केसलीचा एक पाय पायरीवर होता. माझा आवाज आला आणि तिने तो पाय मागे घेतला. "गुरुजी, माही याडी!" याडी म्हणजे आई. एवढंच ओरडून ती उलटी धावत सुटली. गुरुजींनी ड्रायव्हरला हात जोडले, पण मोटार किती थांबणार?

ती अंगणात आली तेव्हा तिची काचळी घामाने भिजली होती. समोर बाप हसत मला वाजवत होता आणि आई शेजारी धडधाकट उभी होती. कुडाला टेकून लालसिंग बिडी ओढत होता.

"अवं, वापस काहून आली?" तो म्हणाला. "बाप आशीर्वाद देऊन राह्यला नं तुले!"

केसलीला सगळं कळलं. तिने काकाकडे पाहिलं, मग बापाकडे. धनसिंगचा हात आता थांबला होता. त्याने खुणेने विचारलं, मोटार? एका खुणेत ती त्याला खरं सांगू शकली असती. तिने त्याच्या हातातलं लाकूड हळूच काढून घेतलं आणि खूण केली, मोटार आलीच नाही.

त्या दिवसानंतर ती गायली नाही. रामीबाई मला घेऊन तिच्यापुढे बसायची, माझ्यावर तळवा ठेवून वाट बघायची. केसली ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. रामीबाई तळवा घागऱ्याला घासून पुन्हा ठेवायची. कष्टाने घट्टे पडलेला आपला तळवाही आता बहिरा झाला, असं त्या माउलीला वाटलं. मला तिथल्या तिथे फुटून जावंसं वाटे.

त्रेसष्टमध्ये केसलीचं लग्न झालं. ढावलो म्हणायची वेळ आली, तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडली आणि नुसती उभी राहिली. "मुक्याची मुकीच निंगाली," बायका म्हणाल्या. हंसाबाई तोंड फिरवून निघून गेली. गाडी हलली, आणि धनसिंगने मोठ्या हौसेने मला पुन्हा तसंच, न थांबता वाजवायला घेतलं. केसलीने ऐकलं. तिचे खांदे आकसलेले मी पाहिले. पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी एका भर दुपारी धनसिंग अंगणात कोसळला. रामीबाईने मला उचललं आणि बडवलं. लालसिंगच्या घरातून हसण्याचा आवाज आला.

"वाजवू दे," तो म्हणत होता, "मुक्याले नादच हाये थाळीचा."

तीस पावलं! बाकी तांडा शेतात होता, आणि तिथून कोणी आलं नाही. रामीबाई बडवत राहिली आणि मला तडा गेला. त्यानंतरही ती बडवत होती, पण आता माझ्यातून फुटक्या मडक्यासारखा आवाज येत होता. आपली थाळी फुटली आहे हे तिला ऐकू येणार कसं? संध्याकाळपर्यंत धनसिंग गेला.

केसली तिसऱ्या दिवशी आली. रामीबाईने माझ्याकडे बोट दाखवून खूण केली, मी तुला खूप बोलावलं. केसली जमिनीवर बसली. मग तिने मला उचललं, बुडाशी तोंड आणलं आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा गायली. बापाला द्यायचा राहिलेला ढावलो ती गायली. रामीबाईने घाईघाईने तळवा टेकवला. पण माझ्यात थरथर उरली नव्हती, सगळी तड्याशी येऊन मरत होती. तिच्या हाताला काहीच लागलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिने लेकीकडे पाहून मान डोलावली आणि पोट धरून हसून दाखवलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून फळीवर ठेवा, असं मी म्हणत नाही. मला जोडूही नका, तडा गेलेलं कासं पुन्हा बोलत नाही. पण तुमच्या शेजारी एखादी थाळी न थांबता वाजू लागली, तर हसू नका. उठून तीस पावलं चालून जा आणि बघून या.