रविवारपुरती लिफ्ट

"परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं आणि धंद्यात माझं ऐकायचं," वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, घरं विकण्याच्या धंद्यात मुरलेली. धाकटीने, म्हणजे त्यांच्या भावजयीने, मान डोलावली. दलालीच्या परवान्याच्या पेपरात विचारलं होतं, घरातला माहीत असलेला दोष गिऱ्हाइकापासून लपवावा का? तिने ‘नाही’वर खूण केली आणि पास झाली. वन्संही कधीकाळी याच उत्तरावर पास झाल्या होत्या. पुढे त्या उत्तराशी त्यांचा संबंध आला नाही.

नव्या माणसाला परवाना मिळतो तो जुन्या दलालाच्या सहीने. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून सगळं घर त्या सहीकडे डोळे लावून बसलं होतं, आणि अर्ज वन्संच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी लोळत होता.

"आधी चौथ्या मजल्यावरचं घर खपव, मग बघू. आणि बोलायला शीक जरा! अंधारं नाही म्हणायचं, शांत म्हणायचं. खुराडं असलं तर आटोपशीर."

"आणि लिफ्ट बंद असते ते?"

"बंद कुठंय? रविवारी चालते की!"

चालायचीच. शनिवारी वन्संचा मिस्त्री येऊन तिला चुचकारायचा, तेवढ्यावर ती रविवार ढकलायची. सोमवारी पुन्हा ढिम्म. झाडलोटीसाठी रोज चार जिने चढायची ती धाकटी. वन्संना त्या जिन्याचं तोंडही ठाऊक नव्हतं.

रविवारी बाजारात शिवणकामाचं दुकान असलेली एक बाई आली, सोबत गुडघे धरून चालणारी आई. "या मावशी, या," करत वन्संनी म्हातारीला असं वर नेलं, जणू लिफ्ट त्याच ओढत होत्या. घर पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विसार द्यायचं ठरलं. निघताना शिवणवालीने धाकटीला बाजूला घेतलं.

"ताई, लिफ्ट रोज चालते ना हो? जिना आईला जमायचा नाही."

वन्सं पाठीशीच उभ्या. धाकटीने मागे एक नजर टाकली. "संध्याकाळच्या आत सांगते."

"नक्की?"

"शब्द देते."

दार लागताच वन्सं कडाडल्या. "काय सांगणारेस गं? मोठी आली खरं बोलणारी! सही हवी ना? मग तोंडाला कुलूप घाल."

"म्हातारीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

"उचलून नेतील. लोक नेतातच."

वन्संनी आरशात बघून ओठ नीट केले. या बाईवर रागवायचं म्हणजे तिला माणसांत धरायचं, आणि तेवढा मान द्यायची धाकटीची तयारी नव्हती.

"माझा अर्ज द्या."

"सहीशिवाय?"

"आहे तसाच."

"घे, पूज त्याला!" वन्संनी कागद फेकला. "उद्या नवऱ्याला घेऊन पाया पडायला येशील."

धाकटीने कागद उचलून घडी घातली. "येते, वन्सं," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. खाली पहारेकऱ्याला तिने शिवणवालीच्या दुकानाची वाट विचारली. ते बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. ऊन उतरायला अजून अवकाश होता. डोक्यावर पदर घेऊन, सावलीची बाजू धरून ती चालू लागली.