गळ्यातलं आणि डोक्यावरचं

दीपक सुर्वे पुरता वैतागला होता. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका कोळंबीच्या कारखान्यात तो मॅनेजर. गणवेशाचा नवा नियम आल्यापासून त्याला मासळीपेक्षा माणसांचाच ताप जास्त झाला होता. पांढरा अ‍ॅप्रन, डोक्याला जाळीची टोपी, बाकी डोक्यावर, गळ्यात, हातात काही नको. एवढा साधा नियम! पण रोज कुणाचं तरी काहीतरी निघायचंच.

आज दारात नफिसा फणसोपकर उभी. नुकतीच लागलेली, कामाला चपळ.

"साहेब, जाळीतनं केस दिसतात. टोपीच्या आत रुमाल बांधू दे. आमच्या धर्माचं आहे."

"नियम म्हणजे नियम! तुला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील," दीपक खेकसला. "रुमाल काढ, नाहीतर घरी जा."

बायका बघत होत्या. नफिसा माघारी वळली.

दुपारी पॅकिंगला निघालेल्या कोळंबीत काळा मणी सापडला. मंगळसूत्राचाच, त्यात शंका नव्हती. सगळा माल अडकला. दीपकच्या डोक्यात तिडीक गेली.

"हे घालून आत सोडलं कुणी?"

कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या यमुनाबाई पुढे झाल्या. "तुम्हीच ओ साहेब! गळ्यातलं काढणार नाय म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, राहू दे, त्याला कोण काय म्हणतंय!"

"मग आता काढा! सगळ्यांनी काढा!"

"घरधनी असताना? नाय ओ. कामावरनं काढलात तरी चालेल."

बायका हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तिकडे बर्फ वितळत होता. दीपकने कपाळाला हात लावला.

तेव्हा माल तपासणारी अक्षया म्हणाली, "सर, हा नियम कशासाठी आहे?"

"मालात काही पडू नये म्हणून. हे तू मला विचारतेस?"

"मग नफिसाच्या रुमालातून काय पडणार होतं? उलट केस घट्ट बांधले गेले असते. तिला घरी पाठवलंत, आणि ज्यातून खरंच पडतं ते आत सोडलंत."

"अगं, मंगळसूत्राची गोष्ट वेगळी..."

"वेगळी कशी? आपली म्हणून?" अक्षयाने त्याच्या हाताकडे बोट केलं. "आणि हे?"

दीपकच्या मनगटाला हेदवीच्या गणपतीचा लाल दोरा होता. पार विरलेला, धागे सुटलेला.

अरेच्चा! हा दोरा बांधून तो रोज मालाजवळून फिरत होता, आणि ही सुद्धा सूटच आहे, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं! नफिसाने मागितली, म्हणून तेवढी डोळ्यांत खुपली.

त्याने दोरा सोडून खिशात ठेवला आणि तो बायकांपाशी बसला. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी मंगळसूत्र कापडी पिशवीत शिवून पोलक्याच्या आत ठेवायचं ठरलं. "अंगाला लागून राहिलं म्हणजे झालं," यमुनाबाई कुरकुरत म्हणाल्या. रुमाल पांढरा, सुती, बिनपिनेचा आणि कारखान्यातच धुतलेला असावा, हेही ठरलं.

संध्याकाळी दीपक नफिसाच्या घरी गेला.

"माझं चुकलं. उद्यापासून ये. रुमाल चालेल."

नफिसा म्हणाली, "साहेब, हे सकाळीच नीट ऐकून घेतलं असतं तर? सगळ्यांसमोर हाकललंत मला."

"उद्या सगळ्यांसमोरच आत घेईन," एवढंच तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून त्याने ते केलं. माफीसुद्धा सगळ्यांसमोरच मागितली.

वाचकहो, नियम सगळ्यांना सारखा हवा, यात वाद नाही. पण आपल्या श्रद्धेला आपण रीत म्हणतो आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला हट्ट! नियम कशासाठी आहे ते आधी पाहावं, आणि मग तो सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, एकाच मापाने लावावा. सारखेपणा म्हणतात तो हाच.