कानातून बोटांत

“साउंडवाले, तीन नंबरचा माईक घसा खाकरतोय. बघा जरा त्याच्याकडे,” असं मला सांगून पडदेबाईंनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. मुलीचा फोन होता. सत्र अजून सुरू व्हायचं होतं. पुढे हॉलमध्ये गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं कॉफीचे कप सांभाळत एकमेकांना भेटत होती.

मी माईकची वायर बदलून परत आलो तरी बाईंचं बोलणं चालूच होतं.

“अगं, लागत नाही म्हणजे काय? ... हो, मागेही म्हणालीस, पण मी दौऱ्यावर होते ना. आजचं संपलं की बघते. तोवर पोरीला सांग, आजोबांचा घसा बसलाय.”

बोलताना त्यांची बोटं समोरच्या बंद कीबोर्डवर टकटक चालत होती. मुलगी तिकडून जे बोलेल ते इकडे बोटांतून उतरायचं. खोड जुनी होती. भाजीवाल्याने भाव सांगितला तरी हिची बोटं पिशवीवर चालतात, असं प्रूफवाले म्हणायचे.

प्रूफवाले म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर छापखान्यात प्रुफं वाचली. तिथे एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कागदावर नजर ठेवायची, अशी पद्धत होती. हे मोठ्याने वाचणारे. सगळं वाचायचे, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा. निवृत्त झाल्यावर माणसाला घरात काही सुचेना, म्हणून मी माझ्याकडचा एक जुना माईक त्यांना नेऊन दिला. झालं. स्वयंपाकघराचं दार लावून हे मुलांसाठी गोष्टी वाचायला बसले. ‘गोष्टवाले आजोबा’ या नावाची साइट काढली. एखादी गोष्ट ऐन रंगात आली की जुन्या सवयीने मधेच म्हणायचे, “आणि मग वाघ म्हणाला स्वल्पविराम...” नात हसून हसून लोळायची. गेल्या वर्षी प्रूफवाले गेले. पण नात झोपायची ती त्यांच्याच गोष्टीवर.

“आणि फोनमध्ये ठेवलेल्या गोष्टींच्या लिंकवर आता काही उघडतच नाहीये म्हणे,” फोन ठेवून बाई म्हणाल्या. “पोरगी रात्री टक्क जागी. रडते.”

“त्यांच्या कॉम्प्युटरवर असतील की गोष्टी.”

“तो बंद पडला होता हो. दिला भंगारात. नेटवर आहेत ना सगळ्या! नेटवरचं कुठे जातंय? आणि गेलंच, तर नेटवाले इथेच बसलेत सगळे, पकडू एकेकाला.” त्या हसल्या आणि हेडफोन नीट करून बसल्या.

नेटवाले बसले होते हे खरं. इंटरनेटचा कारभार कोणी आणि कसा चालवायचा हे ठरवायला देशोदेशीची माणसं अशा हॉलमध्ये जमतात. त्यातही नावं हा यांचा जिव्हाळ्याचा विषय. कुठलं नाव कुणाला द्यायचं, किती वर्षांसाठी, त्याच्या टिंबापुढची शेपटी, म्हणजे ते डॉट कॉम वगैरे, कुणाच्या ताब्यात राहणार. सख्खे भाऊ जमिनीवरून भांडणार नाहीत इतकं हे नावांवरून भांडतात, तेही अगदी गोड आवाजात आणि एकमेकांचे आभार मानत. मी आवाज सांभाळतो आणि बाई पडदा. हॉलमध्ये कोणी काहीही बोललं की दुभाष्यांकडून ते आमच्या भाषेत बाईंच्या कानात येतं आणि त्याच क्षणी अक्षरं होऊन मोठ्या पडद्यावर चढतं. त्यावरून त्यांचं नाव पडदेबाई. खरं नाव कार्यालयात कुणाला तरी माहीत असेल.

“तुम्हाला तर एव्हाना हे सगळे नियम पाठ झाले असतील,” मी त्यांना एकदा म्हणालो होतो.

“छे! मला कुठलं काय कळतंय? कानातून बोटांत. मधे डोक्यात थांबा घेतला की गाडी चुकली.”

त्या पडद्याचा खरा वाचक हॉलमध्ये एकच होता. बाकीचे डुलकीतून जागे झाले की गाडी कुठवर आलीय हे बघायला पडदा वाचायचे. पण पहिल्या रांगेत, अगदी पडद्यासमोर, पिकल्या केसांचे एक गृहस्थ बसायचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही अशांच्या एका संस्थेतर्फे ते दर परिषदेला यायचे. शेवटच्या दिवशी जाताना मागे वळून बाईंना अंगठा दाखवायचे, बाई मान डोलवायच्या. इतकीच त्यांची ओळख. पण त्यांच्यामुळे एक नियम झाला होता. पडदा थांबला की सभा थांबवायची.

सत्र सुरू झालं. बाईंची जोडीदारीण तापाने खोलीत पडली होती, त्यामुळे सगळा भार एकट्या बाईंवर होता. विषय होता मुदत संपलेल्या नावांचा. बोलायला एक तरुण तज्ज्ञ उभा राहिला. टाय एकदम कडक. बोलायचा मात्र छान, समोरच्याला हसवत.

“नाव आपण विकत घेत नाही, मंडळी. भाड्याने घेतो,” तो म्हणाला, आणि ते पडद्यावर आलं. “भाडं थकायच्या आधी सूचना जातात. कुठे? नोंदवलेल्या पत्त्यावर. पण पुष्कळांचा ईमेलचा पत्ता त्याच नावाखाली असतो. माणूस वारला, तर पहिल्या सूचना त्याच्या पेटीत न उघडता पडून राहतात. मग नाव बंद पडतं, नावाबरोबर पेटीही बंद. पुढच्या सूचना पोचतच नाहीत. तिकडे दार लागलंय आणि आपण त्याच दारावर चिठ्ठी चिकटवतोय.”

बाई लिहीत होत्या. हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत त्यांनी आजवर किती परिषदांमध्ये लिहिलं असेल, कोण जाणे. ‘सूचना नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवल्या जातील.’ माझ्याही कानावरून शंभरदा गेलंय. मला तरी कधी काय सुचलं?

“मग असं मोकळं झालेलं नाव कोण उचलतं? चला, आत्ताच बघू. ही गेल्या आठवड्यात सुटलेली नावं. यातलं हे बघा, किती गोड नाव आहे. गोष्टवाले आजोबा.”

बाईंची नजर समोरच्या छोट्या स्क्रीनवर होती. लिहिताना त्या मोठ्या पडद्याकडे कधीच बघत नाहीत. बोटांनी ‘गोष्टवाले आजोबा’ लिहिलं, पूर्णविराम दिला आणि ती पुढे निघाली.

मी मात्र पडद्याकडे बघत होतो. तज्ज्ञाने उघडलेलं पान तिथे अक्षरांच्या वर दिसत होतं. त्यात एक रंगीत चाक गरगर फिरत होतं, वरून सोन्याची नाणी पडत होती, खाली ‘आत्ताच खेळा, आत्ताच जिंका’. आणि कोपऱ्यात, चष्मा कपाळावर चढवलेले, प्रूफवाले. त्यांच्या साइटवरचाच फोटो. त्यांच्या हातात मी दिलेला माईक.

“जुन्या मालकाचा फोटोसुद्धा ठेवलाय बघा, लोकांचा विश्वास बसावा म्हणून. आजोबांना म्हातारपणी भलताच नाद लागलेला दिसतोय!”

हॉल हसला. पडद्यावर वाक्य आलं, ‘आजोबांना म्हातारपणी भलताच नाद लागलेला दिसतोय.’ त्याच्या खाली बाईंच्या बोटांनी शिरस्त्याप्रमाणे लिहिलं, ‘(हशा)’.

मग बोटं थांबली. बाईंनी मान वर केली.

मी आजवर माणसं घाबरलेली पाहिली आहेत, रडताना पाहिली आहेत. पण चेहऱ्यावरून सगळं एकदम पुसलं जातं हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. कानात तज्ज्ञाचं बोलणं चालू होतं, बोटं कळांवर जागच्या जागी होती आणि एकही कळ दाबली जात नव्हती. मला हात पुढे करावासा वाटला, पण करून करणार काय?

हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त पहिल्या रांगेतल्या गृहस्थांच्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हात वर केला.

“पडदा थांबलाय वाटतं,” अध्यक्ष म्हणाले. “मागे काही अडचण आहे का?”

“बाई,” मी हळूच म्हणालो, “तुम्ही बसा. मी सांगतो त्यांना.”

“काय सांगणार?” त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “तुमचा तीन नंबरचा चालतोय ना आता?”

आणि त्या उठून चालायला लागल्या. तीन नंबरचा माईक मधल्या वाटेत होता. ज्याला प्रश्न विचारायचा त्याने तिथे उभं राहून आधी नाव आणि संस्था सांगायची असते. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांच्या आवाजाला बटण किती वर न्यावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजाने नेलं.

“नाव आणि संस्था?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी मागच्या टेबलावरची. लिहिते ती.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “हे फोटोतले माझे यजमान आहेत. गेल्या वर्षी गेले.”

तज्ज्ञ पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने पान बंद करायला हात पुढे केला.

“राहू द्या हो,” बाई म्हणाल्या. “जरा वेळ.”

त्याने हात मागे घेतला. चाक फिरत राहिलं, नाणी पडत राहिली. 

“मला एवढंच विचारायचंय, ते नाव परत मिळेल का? आणि त्याखाली त्यांच्या गोष्टी होत्या, त्यांच्या आवाजात. माझी नात ऐकते. त्या कुठे असतील?”

अध्यक्षांनी शेजारच्या वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी माईक ओढला, पण अध्यक्षांनी त्यांना थांबवलं. ते ओशाळून म्हणाले, “माफ करा. पण पडदा चालू नाहीये. उत्तर नोंदीत यायला हवं.”

सगळा हॉल मागे वळला आणि आमच्या टेबलाकडे, बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागला. बाईंनीही तिकडे पाहिलं. मग ज्या वाटेने गेल्या होत्या त्याच वाटेने परत आल्या, खुर्ची पुढे ओढली, हेडफोन चढवला, बोटं कळांवर ठेवली आणि मान हलवून तयार असल्याची खूण केली.

मला त्या माणसांचा संताप आला. असा संताप की ह्यांचे सगळे माईक बंद करून टाकावेत. पण वकीलबाईंचाही आवाज कापत होता, आता कुणावर संतापायचं?

‘मला फार वाईट वाटतं,’ पडद्यावर अक्षरं यायला लागली. ‘परंतु मुदत संपून मोकळं झालेलं नाव जो आधी मागेल त्याला मिळतं. या प्रकरणात नोंदवलेल्या पत्त्यावर सूचना पाठवल्या गेल्या असणार. त्यामुळे नाव परत मिळणार नाही. साइटला जागा देणारी कंपनी तिच्यावरचा मजकूर नावाबरोबरच पुसते. आवाजाचा प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही.’

कुठे चूक नाही, कुठे स्वल्पविराम सुटलेला नाही. प्रूफवाल्यांनीसुद्धा एक खूण केली नसती.

सभा त्या दिवशी लवकर आटोपली. तो तज्ज्ञ येऊन बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. “तुमचा काय दोष,” म्हणून बाईंनी त्याला पाठवून दिला. माणसं आमच्या टेबलाला वळसा घालून बाहेर गेली. कामगार खुर्च्या एकात एक घालायला लागले. बाई तशाच बसून होत्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले गृहस्थ मागे आले. त्यांनी फोनवर काहीतरी लिहून बाईंसमोर धरलं. मीही वाचलं. ‘तुम्ही बोललात ते पडद्यावर आलं नाही. मला फक्त उत्तर मिळालं. प्रश्न काय होता?’

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कीबोर्ड जवळ घेतला. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं काही लिहिलं. प्रूफवाले, स्वयंपाकघराचं बंद दार, नात, भंगारात दिलेला कॉम्प्युटर. हात अडखळत होता. बाईंना अडखळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मोठा पडदा अजून जोडलेलाच होता, त्यामुळे सगळं तिथेही उमटत होतं. बाईंच्या ते ध्यानात नव्हतं. तो बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी हात खिशात घातला.

गृहस्थांनी सगळं सावकाश वाचलं. मग फोनवर लिहिलं, ‘कसा होता आवाज?’

जन्मात आवाज न ऐकलेल्या माणसाला काय सांगणार?  बाईंनी लिहिलं, ‘ते स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचायचे.’

गृहस्थ हसले. मग एकाएकी त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात दाबला.

आणि बाईंचा फोन वाजला. त्यांनी नेहमीसारखा तो खांद्यात धरला. “बोल गं,” म्हणाल्या, आणि पुढे नुसत्या ऐकत राहिल्या. तिकडून कोण बोलतंय हे मला कळायचं कारण नव्हतं. पण बाईंची बोटं कळांवरच होती, आणि कानात शब्द पडला की ती चालणार. रिकाम्या हॉलमधल्या त्या भल्या मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर येऊ लागलं.

‘आजी, आजोबांचा घसा बरा झाला का? आज लागतील ना?’

खुर्च्या उचलणारे कामगार वर बघत उभे राहिले. गृहस्थांनी चष्मा परत घालून ते वाचलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बाईंचे ओठ हलत होते, नातीला त्या काहीतरी सांगत होत्या, पण इतकं हळू की शेजारी बसून मलाही ऐकू आलं नाही. पडद्यावर त्या प्रश्नाखाली काही आलं नाही. बाई फक्त दुसऱ्याचं बोलणं लिहायच्या.

दिवे घालवणारा माणूस दारात आला. मी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.