आकार की लेप

खळदकरने अंगाला लेप लावून घेतला आणि त्या दिवसापासून त्याच्याकडे पाहिलेली नजर परत येईनाशी झाली. माझी बायको कुमुद त्याला शिरा वाढताना जरा जास्तच वेळ बघत राहिली, तर संध्याकाळपर्यंत तिला सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला. पण माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

आमची सोसायटी विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची. वर्धापनदिनाला इतरांकडे गाणी होतात, आमच्याकडे वाद होतो. विषय दर वर्षी तोच: लढाऊ विमान रडारला दिसत नाही ते आकारामुळे की लेपामुळे? मी आकाराच्या बाजूने, समोरच्या इमारतीतला खळदकर लेपाच्या. आणि कारखान्यातला जुना नियम इथेही पाळतात, मुद्दा मांडायचा तर आधी स्वतःवर बसवून दाखवायचा. वेळ संपल्याची घंटा कुमुदच्या हातात असते. खळदकरसाठी ती नेहमी उशिरा वाजते. कळतं हो माणसाला!

"रडारची लाट आली की गिळायची," खळदकर सगळ्यांना सांगत फिरत होता. "परत काही द्यायचंच नाही."

"किती शांत वाटतं ना त्यांच्याकडे बघून," कुमुद म्हणाली.

"शांत कसला? बेरकी आहे तो."

"तुमचं आपलं काहीतरीच."

मग मी तरी मागे का राहू? बाथरूमचं दार लावलं आणि कानस घेऊन बसलो. आधी गाल सपाट केले. दुखलं नाही, नुसता कीस पडला. खांदे, भुवया आणि नाकाची कड एकाच तिरक्या रेषेत आणल्या. आकार लाट गिळत नाही, भलतीकडे वळवून देतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मिशीला करवतीचे दाते पाडले, कान आत दुमडले. जे बाहेर लोंबतं ते दिसतं, म्हणून घड्याळ, चष्मा, किल्ल्या आणि शेवटी कानससुद्धा, लढाऊ विमान बॉम्ब ठेवतं तसं, पोटात ठेवून झाकण लावलं. जळफळाटही आतच कोंबला. मावला, पण झाकण जरा फुगलं.

बाहेर आलो तर कुमुद कपड्यांच्या घड्या घालत होती. ती माझ्या दिशेने वळून म्हणाली, "अहो, कुठे आहात?" तिची नजर माझ्या गालावर आली, घसरली आणि खिडकीतून थेट खळदकरच्या गॅलरीत गेली. तो चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवून आवंढा गिळला.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, मग दारामागे. कुठेही उभा राहिलो तरी गालाचा उतार त्याच्याकडेच. गाल पुन्हा घासायला झाकण उघडून कानस काढावी, तर आधी जळफळाट बाहेर पडणार, तोही कुमुदसमोर. छे! मेलो तरी नाही.

वर्धापनदिनाला मला आणि खळदकरला शेजारी-शेजारी खुर्च्या दिल्या. सेक्रेटरींनी विचारलं, "साठ्ये आले नाहीत का?"

"हा काय, इथेच बसलोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणालाच मी दिसत नव्हतो, म्हणजे मुद्दा सिद्ध झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो. माझ्याकडे वळलेली प्रत्येक नजर गालावर आपटून शेजारी जात होती आणि त्या गिळून खळदकर खुर्चीत अंगाने सुटत चालला होता. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटून माझ्या पायाशी पडलं.

कुमुद घंटा टेबलावर ठेवून उठली. "अहो, आता पुरे. दिसा बघू."

"का? त्याच्याकडे बघ की. घंटा तर त्याच्यासाठीच उशिरा वाजवतेस."

"अहो, ते बोलायला लागले की तुमचा चेहरा बघत बसायची मी. असा लालबुंद व्हायचा! मग कुठली घंटा नि कुठलं काय."

मी झाकणाला दोन्ही हात घातले. ते आतून इतकं फुगलं होतं की निघेना. नखं लावून पाहिली, बुक्की मारून पाहिली.

"इकडे बघू नकोस, कुमुद! डोळे मीट!"

"आवाज तर इथूनच येतोय," ती म्हणाली आणि होते नव्हते तेवढे डोळे लावून तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर गालाला लागली. गरम होती. मग गालावरून घसरून शेजारी गेली. खळदकरच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. कुमुद टेबलावर घंटा चाचपत राहिली.