शंभरातून वय वजा

धाकट्या जावेने नवं घर घेतलं आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. घर बघायला गेली तेव्हा तोंडाने कौतुक चाललं होतं, पण डोळे भिंतीला कुठे ओल दिसते का ते शोधत होते. न्हाणीघरातला नळसुद्धा तिने सोडून बघितला. पाणी धो धो आलं. तेही तिला लागलं.

थोरली चष्म्याच्या दुकानात फ्रेमच्या मापाने काचा घासून बसवायची. काम जपून करायचं, आणि पैशांच्या बाबतीतही ती तशीच होती. शंभरातून आपलं वय वजा करायचं, उरतील तेवढे टक्के शेअरमध्ये घालायचे, बाकीचे मुदत ठेवीत. एकाच कंपनीत फार गुंतायचं नाही, घेतल्या किमतीच्या खाली विकायचं नाही. हे नियम तिने स्वतः पाळले होतेच, दुकानातल्या सगळ्यांकडून पाठही करून घेतले होते. धाकटीचं केस कापायचं पार्लर. तिने साठवलेलं सगळं बॅटऱ्या बनवणाऱ्या एकाच कंपनीत घातलं; का, तर तिथे नोकरी करणारी एक गिऱ्हाईक फार खुशीत असायची. थोरलीने तेव्हा कपाळाला हात लावला होता. शेअर मात्र असा वर गेला, की त्यातून हे घर आलं.

चहा पिताना थोरलीने नियमांचा विषय काढलाच. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि सरळपणाने विचारलं, "पण वहिनी, शंभरातूनच का? नव्वदातून का नाही?"

जाणकार तसं सांगतात, एवढं म्हणून थोरलीने कप खाली ठेवला. परतताना तिचा नुसता तिळपापड होत होता. इतकी वर्षं पाळलेला नियम कुणी काढला, कुणासाठी काढला, हे आपण कधी विचारलंच नाही याची लाज होतीच. पण ते धाकटीने दाखवून द्यावं, हे जास्त झोंबलं.

मग तिचं मन भलतीकडेच वळलं. आपले नियम कुचकामी, त्या अर्थी धाकटीला यातलं काहीतरी नक्की कळतं, आणि ती ते लपवते. नवऱ्याला पत्ता लागू न देता थोरली केस कापून घ्यायला पार्लरमध्ये गेली आणि सध्या कशावर नजर आहे, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. कात्री चालवता चालवता धाकटी म्हणाली, एका केबलच्या कंपनीचं बरंच ऐकू येतंय. थोरलीने जिवाचा कान केला. दुसऱ्याच दिवशी मुदत ठेव मोडून सगळे पैसे तिने केबलमध्ये घातले.

शेअर आधी थोडा चढला. तेवढ्यात तिने मनातल्या मनात धाकटीच्यापेक्षा मोठं घर बघून त्याचे पडदेही निवडले. मग तो उतरायला लागला, आणि उतरतच गेला. घेतल्या किमतीला आला की विकू, असं ती स्वतःला बजावत राहिली. किंमत निम्म्यावर आली. दुकानात तिच्या हातून काचा तडकायला लागल्या. समाधान एकच होतं, धाकटीचेही बुडाले असणार. त्या विचाराने तिला इतकं बरं वाटायचं, की स्वतःच्या नुकसानाचाही विसर पडायचा.

शेवटी राहवेना, म्हणून ती पुन्हा पार्लरमध्ये जाऊन बसली. केस अजून वाढलेही नव्हते.

"केबलमध्ये तुझे किती गेले गं?"

"मी कुठे घेतले? कानावर आलं ते बोलले."

आरशात थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटी काय ते समजली. कात्री ठेवून ती शेजारी स्टूल ओढून बसली. बॅटरीच्या आधी तिने दोन कंपन्यांत पैसे घातले होते आणि ते साफ बुडाले होते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"बुडालेल्या पैशांचं घर कुणाला दिसत नाही, वहिनी. एक लागला, तेवढाच सगळ्यांनी बघितला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

शिवाय घरासाठी विकल्यावर तो बॅटरीचा शेअर अजून दुप्पट झाला होता. त्या गिऱ्हाईक बाईने विकला नव्हता. ती खुर्चीत बसली की हिचे केस वाकडेतिकडे कापावेत असं वाटतं, धाकटी म्हणाली. थोरलीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"आज तेवढे पैसे हातात असते, तर केबल घेतला असता?" धाकटीने विचारलं.

"छे."

"मग ठेवलाय कशाला?"

"घेतल्या किमतीला तरी येऊ दे."

"तुम्ही कितीला घेतलाय ते त्या शेअरला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी थोरलीने केबलचे शेअर विकून टाकले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून तिच्या डोक्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाला, "केस मात्र छान कापलेत तिने." त्यावरून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हेवा तेवढ्याने गेला असं नाही. धाकटीच्या बाल्कनीत दुपारचं ऊन येतं, ते तिला अजूनही खुपतं. पण हल्ली गेली की ती खुर्ची ओढून त्याच उन्हात बसते, आणि उठायचं नाव काढत नाही.