साठ पात्यांचा तोल

पुरुषोत्तम हिर्लेकर त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाले, आणि तेही संगणकशास्त्राचे. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं टर्बाइनच्या रोटरवर काम केलेला हा मेकॅनिकल इंजिनिअर निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाईल, भाजी आणेल, फार तर सोसायटीच्या पंपाची नाडी बघेल, अशी त्यांच्या बायकोची, शुभदाबाईंची अटकळ होती. दीड वर्ष त्यांनी तेच केलं. मग एक दिवस बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरजवळच्या एका कॉलेजात, नोकरदारांसाठी शनिवार-रविवार चालणाऱ्या वर्गात नाव घालून आले. शुभदाबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, एक जुना प्रश्न अडलाय, रोटरचा. लग्नानंतरची सगळी वर्षं घरात रोटरबद्दल ऐकलेल्या बाईला एवढं उत्तर पुरेसं होतं.

वर्गात बाकी सगळे पंचविशी-तिशीचे. शिकवणारी मुग्धा नागपूरची, एकतीस वर्षांची. पहिल्या दिवशी पुरुषोत्तमरावांनी तिला मॅडम म्हटलं तेव्हा ती संकोचली आणि म्हणाली, नुसतं मुग्धा म्हणा. ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

संगणकशास्त्र म्हणजे इंजिनिअरिंगचीच आणखी एक शाखा, असं ते धरून चालले होते. सिव्हिलवाल्यांचा पूल, त्यांचा स्वतःचा रोटर, तसा इथे संगणक. दोन महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की मुग्धा तास-तासभर शिकवते आणि त्यात यंत्राचं नावही निघत नाही. ती विचारायची ते एवढंच: या कामाला पायऱ्या किती? काम दुप्पट झालं तर पायऱ्या दुप्पट होतील, चौपट होतील, की हाताबाहेर जातील? मग फळ्यावर सिद्धता लिहायची. एका शनिवारी सिद्ध झालेली गोष्ट पुढच्या शनिवारीही तशीच खरी असायची. गंज नाही, झीज नाही, उन्हाळ्यात वाढणं नाही. ज्या माणसाने जन्मभर झिजणाऱ्या वस्तूंची देखभाल केली, त्याला हे सगळं फार स्वच्छ वाटलं. घरी येऊन ते शुभदाबाईंना सांगत, ही पोरगी अशी शिकवते की मध्ये कुठे बोट ठेवायला जागा नाही.

मुग्धालाही त्यांची दखल घ्यावी लागली ती एका किरकोळ उदाहरणावरून. पॉइंट एक आणि पॉइंट दोन यांची बेरीज पॉइंट तीनशी तंतोतंत जुळते का, असं तिने संगणकाला विचारायला लावलं. संगणक म्हणाला, नाही. आकडे साठवताना शेवटच्या कुठल्याशा दशांशावर कणभर चूक राहते, त्यामुळे असं होतं. नव्या पोरांना गंमत वाटली. पुरुषोत्तमरावांना त्यात नवल दिसेना. ते म्हणाले, "आमच्याकडे दोन वस्तू सारख्या असतात असं कुणी म्हणतच नाही. किती फरक चालेल ते आधी लिहायचं, मग मोजायचं." मुग्धा म्हणाली, हेच समजावायला मला दरवर्षी एक अख्खा तास लागतो.

त्यांचा जुना प्रश्न निघाला तो तिसऱ्या महिन्यात. त्या दिवशी मुग्धा अशा कोड्यांबद्दल सांगत होती, ज्यांचं चांगलं उत्तर काढता येतं, पण सगळ्यांत चांगलं उत्तर हमखास आणि झटपट शोधायची रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही. तशी रीत असूच शकत नाही, हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. पुरुषोत्तमराव लिहायचे थांबले. वर्ग सुटल्यावर ते तिच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी तिला तीस वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली.

टर्बाइनच्या चाकाला कडेने साठ पाती बसतात. सगळी एकाच साच्यातून निघतात, तरी वजनात दोन-चार ग्रॅमचा फरक राहतो. जड पाती एकाच बाजूला आली तर वेगात फिरताना रोटर थरथरतो आणि बेअरिंग खातो. म्हणून कुठलं पातं कुठल्या खाचेत, हे ठरवावं लागतं. त्यांच्या कारखान्यात हे काम पद्मनाभ नावाचा फिटर करायचा. शिक्षण आठवीपर्यंत. तो पाती टेबलावर गोलात मांडायचा, जडासमोर जड ठेवायचा, थोडं बघायचा, दोन-चार पाती इकडची तिकडे करायचा आणि म्हणायचा, "सरी," म्हणजे कानडीत ठीक आहे, "आता बसवा." बसवलेला रोटर पहिल्याच चाचणीत पास व्हायचा.

तेव्हा बत्तीस वर्षांच्या पुरुषोत्तमरावांना हे खपलं नाही. गणिताने सर्वोत्तम मांडणी निघते, मग नजरेच्या अंदाजाने काम का चालावं? त्यांनी वर अहवाल पाठवला. त्यात पद्मनाभच्या कामाला 'अशास्त्रीय अंदाजपंचे पद्धत' असं म्हटलं. पद्मनाभची बदली स्टोअरमध्ये झाली. पुरुषोत्तमरावांनी कारखान्याच्या संगणकावर साठ पात्यांच्या सगळ्या मांडण्या तपासायचं काम लावलं. संगणक चार दिवस चालला आणि कुठेच पोचला नाही. पुढचे सात महिने रोटर दोन-दोन, तीन-तीनदा उघडावे लागले. शेवटी वरच्या साहेबांनी पद्मनाभला परत बोलावलं. तो आला आणि मुकाट्याने कामाला लागला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. त्यानंतर दोघांनी चौदा वर्षं एकाच शेडमध्ये काम केलं.

"मला एवढंच कळून घ्यायचंय," पुरुषोत्तमराव म्हणाले, "की तेव्हा चूक माझ्या प्रोग्रामची होती, की मी मागत होतो तेच मिळण्यासारखं नव्हतं?"

मुग्धाने तिथेच गणित मांडलं. साठ पाती साठ खाचांत बसवायच्या एकूण तऱ्हा म्हणजे ब्याऐंशी आकडी संख्या. आजचे सगळे संगणक एकत्र जुंपले तरी त्या तपासून होणार नाहीत. ती म्हणाली, हा प्रश्न अगदी त्याच जातीचा आहे, सर. तुमच्या त्या फिटरनी जे केलं, चांगली सुरुवात करून थोडी-थोडी अदलाबदल करत जाणं, तेच आम्हीही करतो. आमच्याकडे त्यावर प्रबंध लिहिले जातात.

त्या काळी पद्मनाभची चूक दाखवण्यासाठी पुरुषोत्तमरावांनी एका रोटरची साठही वजनं आणि त्याने ठरवलेला क्रम वहीत उतरवून घेतला होता. पुढच्या रविवारी ते ती वही घेऊन गेले. मुग्धाने आठवडाभरात प्रोग्राम लिहिला आणि मोठ्या उत्साहाने निकाल दाखवला. पद्मनाभच्या मांडणीत एका बाजूला जेमतेम पाऊण ग्रॅम जास्त राहत होतं. तिच्या प्रोग्रामने कोट्यवधी अदलाबदली करून ते जवळपास शून्यावर आणलं होतं; दशांशचिन्हानंतर चार शून्यं. म्हणजे सुधारणा झाली होती.

पुरुषोत्तमराव तिच्या कामावर खूश झाले. तीस वर्षांपूर्वी चार दिवसांत जे झालं नाही, ते या मुलीच्या लॅपटॉपने चहा निवेपर्यंत केलं होतं. पण मग त्यांनी विचारलं, ही वजनं कुठल्या काट्यावरची, ठाऊक आहे का? काटा अर्ध्या ग्रॅमचा होता. त्याच्या आतलं त्याला दिसतच नव्हतं. साठ पात्यांच्या अशा बारीक शंका एकत्र झाल्या की ग्रॅमभर इकडचं तिकडे होणारच.

मुग्धाने पडद्यावरच्या चार शून्यांकडे पाहिलं. "म्हणजे माझं उत्तर बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली, "पण ते त्यांच्यापेक्षा चांगलं आहे असं म्हणता येणार नाही."

"काटा जिथे थांबत होता, तिथेच तो माणूस थांबला," पुरुषोत्तमराव म्हणाले.

त्यानंतर आठवडा त्यांनी कसाबसा काढला. एवढं कळल्यावर घरी बसणं शक्य नव्हतं. पद्मनाभ चामराजपेटेत मुलीकडे राहतो हे त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून काढून घेतलं. बस बदलून, विचारत-विचारत ते पोचले. पद्मनाभ आता पंचाहत्तरीचा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण खांदे तसेच रुंद. त्याने त्यांना लगेच ओळखलं, "या सार," म्हणून आत नेलं आणि मुलीला कॉफी टाकायला सांगितलं.

बोलणं कानडीत झालं. सुरुवातीला कोण कुठे आहे, कोण गेलं, हेच झालं. मग पुरुषोत्तमरावांनी कप खाली ठेवला.

"पद्मनाभण्णा, तो अहवाल मी लिहिला होता. ते चुकीचं होतं. तुम्ही जे करत होता त्याहून चांगलं करण्याची रीत जगात कुणाकडेच नव्हती, आणि हे मला आत्ता, शाळेत जाऊन कळलं."

पद्मनाभने त्यांचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "स्टोअरचं मला वाईट वाटलं नाही, सार. तिथे पंखा होता. वाईट वाटलं ते तुम्ही मला विचारलं नाहीत याचं. कसं करतोस, एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"आता सांगाल?"

पद्मनाभ उठला आणि स्वयंपाकघरातून एक लांब दांड्याची पळी घेऊन आला. त्याने ती बोटावर आडवी ठेवली आणि सरकवत-सरकवत तिचा तोल साधला. म्हणाला, वजन तर मी करायचोच, पण नंतर प्रत्येक पातं कानशीच्या कडेवर असं ठेवून बघायचो. काहींचं वजन टोकाकडे जास्त असायचं, काहींचं बुंध्याकडे. टोकाकडे जड असलेलं पातं फिरताना जास्त ओढतं, मग काट्यावर ते हलकं का भरेना. त्याला मी मनातल्या मनात दोन-तीन ग्रॅम जड धरायचो आणि त्याच्या समोर तसलंच दुसरं ठेवायचो.

पुरुषोत्तमराव ऐकत राहिले. एकाच साच्यातली पाती, म्हणजे सगळ्यांचा तोल एकाच जागी, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. साच्यातही फरक पडतो, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. या कामात ते त्यांना सुचलं नव्हतं. कारखान्याच्या फॉर्मात रकाना फक्त वजनाचा होता, म्हणून वहीतही वजनच उतरलं होतं. म्हणजे त्यांनी तेव्हा, आणि मुग्धाने आता, जो प्रश्न सोडवला तो पद्मनाभच्या प्रश्नाहून सोपा होता. अवघड प्रश्न तो एकटाच सोडवत होता, कानशीच्या कडेवर.

निघताना पद्मनाभ त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. रिक्षा मिळेपर्यंत दोघंही रोटरबद्दलच बोलत होते.

मुग्धाला हे सांगितलं तेव्हा ती खट्टू होईल असं त्यांना वाटलं होतं. ती उलट खुर्चीवरून उठलीच. "आमचा अभ्यास प्रश्न कागदावर आल्यावर सुरू होतो," ती म्हणाली. "तो कागदावर येईपर्यंतच तुमच्याकडे इतकं काही होऊन गेलेलं असतं. सर, त्यांना वर्गात आणाल का?"

पद्मनाभ आधी नको म्हणाला, मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. वर्गातल्या पोरांना कानडी येतंच असं नव्हतं, म्हणून पुरुषोत्तमराव शेजारी उभे राहून अर्थ सांगत होते. शुभदाबाईही कुतूहलाने येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. मुग्धाने स्वतःचा प्रोग्राम पडद्यावर चालवून दाखवला. पाती झरझर जागा बदलताना पाहून पद्मनाभ पुढे सरकला. डोळे बारीक करून त्याने दोनदा परत चालवायला लावलं. मला एका मांडणीला सकाळ जायची, तो म्हणाला, आणि ही एका दमात एवढं बघते. त्याच्या आवाजात कौतुकच होतं.

मग त्याने मुग्धाला एक प्रश्न विचारला. रोटर पाच वर्षं चालला आणि एकच पातं मोडलं, तर नवीन आलेल्याचं वजन वेगळं असणार. सगळी साठ पाती काढायला वेळ नसतो. कमीत कमी किती हलवायची, आणि कुठली, हे तुमचं शास्त्र सांगतं का?

पुरुषोत्तमरावांनी ते मराठीत सांगितलं. मुग्धाने खडू उचलला. "हा प्रश्न चांगला आहे," ती म्हणाली. "याचं उत्तर मला माहीत नाही. ते स्वतः काय करायचे, ते आधी त्यांना विचारून सांगा."

पद्मनाभ फळ्यापाशी गेला. एक मोठं वर्तुळ काढून त्याने त्यावर खुणा करायला सुरुवात केली, आणि मागच्या पोरांना दिसेना म्हणून ती एकेक करून पुढे येऊन उभी राहिली.